शनिवारी फळ्यापुढं

उदगीरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत बसले होते.

“विठाअक्का, अशा अचानक लातूरला?”

“लेकीकडं पळून चालले, गुलामभाई. उद्या शनिवार. नातीच्या इंग्रजीच्या तासाला घरचं एकेक माणूस बोलावतात, अन् आता माझा नंबर हाय. मला एबीसीडी येत न्हाई.”

“मला तरी कुठं येती? मागल्या शनिवारी मीच उभा होतो की फळ्यापुढं.”

“काय करायला लावतात?”

“पोरं विचारतात, काल काय केलं, आज काय करताय, उद्या काय करणार. म्हणलं, काल कापूस पिंजला, आज गादी भरतोय, उद्या टाके घालणार. पोरांनी ते इंग्रजीत लिहिलं. उज्ज्वला मॅडम म्हणल्या, झाले तिन्ही काळ.”

“बस, एवढंच?”

“मग एकेकानं उठून ‘हू’, म्हंजे आपलं ‘जो’, घालून वाक्य केलं. हा तो माणूस, ज्यानं ताईच्या लग्नाची गादी भरली. हा तो माणूस, ज्याच्या गादीवर आजी दोन वर्षं पडून हाय. मॅडम मला मराठीत सांगत होत्या.”

“अन् तुमची लेक, अर्शी?”

“दाढीतला कापूस बघून तिला शरम वाटंल म्हणून मी जातच नव्हतो. ती शेवटी उठली. लई लांब वाक्य बोलली. सगळा वर्ग माझ्याकडं वळला.”

“काय बोलली?”

“तेवढं मॅडमनी सांगितलं न्हाई. तिलाच विचारा म्हणल्या.”

“विचारलं?”

“न्हाई अजून. रोज जेवताना ते इंग्रजी वाक्य म्हणून दाखव म्हणतो, अन् नुसतं ऐकतो. अक्का, तुमची गाडी लागली.”

“जाऊ द्या ती. उद्या शाळेत हिरवं लुगडं नेसलं तर चालंल का?”