जोडीदाराले माझ्या घरी पाठवा

तुमाले सांगते, प्लांट बांधून राहिले होते तवाची गोष्ट. सकाळी आमच्या क्वार्टरसमोर सडकेवर साप मरून पडला होता. कोणत्या तरी गाडीनं डोक्याचा पार चेंदा केला होता. आमचे हे रातपाळी करून त्याच सडकेनं सायकलवर आले होते. झालं! शेजारीण नळावरच ओरडली, "तुमच्या घरच्यानं नाग मारला! पहिले त्याले तूप टाकून जाळा, मंगच नळाले हात लावा."

बाकीच्या बाया मागं सरकल्या. मी हंडा ठेवला, सडकेवर गेली आन् शेपटी धरून साप उचलून आणला.

"हे शेपटीवरची काळी जाळी पाहा. धामण आहे. आमच्या धानाच्या बांधीत रोज दिसे."

"डोकंच नाही, तं फणा होता का नव्हता, कसं समजेल?"

"मंग तुमी नाग म्हणून कावून ओरडल्या?"

ती गडबडली, पण हटली नाही. "आन् जोडीदार बदला घ्यायले आला तं?"

मी साप नालीपल्याड फेकला, हात धुतले आन् हंडा नळाखाली लावला.

"त्याले माझ्याच घरी पाठवा. उंदीर तांदळाचं पोतं खाऊन राहिले."