दातांच्या दवाखान्यातली शोभेची झाडं

...आणि वर म्हणते कशी, "काका, झाडं तुम्हीच निवडा, सगळं तुमच्यावर सोडलंय!" सोडलंय म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून नंबर पुकारतोय, आजवर कुणी माझ्यावर काही सोडलं नव्हतं, सुखात होतो! आता मोठे डॉक्टर थकले, त्यांच्या खुर्चीत त्यांच्या सूनबाई आल्या. चांगली आहे हो पोरगी, हात हलका आहे, पण आल्या आल्या म्हणाली, "पेशंट इथे बसून भेदरतात. छान पानांची झाडं ठेवू, मन शांत होतं. महिनाभर बघू, नाहीतर हे टेबल काढून नंबरचं यंत्र बसवू." यंत्र! आणि मी? मी कुठे जाऊ? आता मी काही घाबरट माणूस नाही, पण त्या दिवशी चहात तीनदा साखर घातली आणि प्यायचाच विसरलो.

गेलो नर्सरीत. नर्सरीवाला महा तुसडा. म्हणाला, "उजेड किती?" मी म्हटलं, ट्यूबलाइट आहे. "खिडकी?" आहे की! पण बाहेर भिंत आहे. "भिंत किती लांब?" ...अहो, भिंत कशी असते लांब? ती तिथेच असते! आलो परत, खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून टेपने मोजली, पेशंट बघतायत, एक बाई म्हणते, "अहो, उडी मारू नका, एवढं काही दुखत नाही!" तर चार फूट. मग त्याने दाखवलं एक, उंच उंच पानं, सरळ तलवारी! म्हटलं, बाबा रे, आत सुई आहे, बाहेर तलवारी कशाला? दुसऱ्यावर लाल ठिपके. लाल?! आमच्याकडे? तिसरं मात्र झकास, रुंद पान, मध्ये पांढरे शिंतोडे. म्हटलं, समजा, कुणी भीतीच्या भरात पान चावलंच तर? नर्सरीवाला शांतपणे म्हणाला, "तोंड भगभगतं, जीभ सुजते, बोलता येत नाही." अहो, तेवढं तर सूनबाईंच्या इंजेक्शननेही होतं!

शेवटी रबराचं झाड घेतलं. जाड, गडद, तुकतुकीत पानं. ठेवलं टेबलाशेजारी, रोज ओल्या फडक्याने पुसतो, आमची ही म्हणते, "घरचा पंखा पुसला नाही कधी!" आणि चौथ्या दिवशी बघतो तर काय... पानाच्या कडा कुरतडलेल्या! चिंध्या! कोण? पेशंट! दुसरं कोण असणार? ते निवृत्त मास्तर, दाढेसाठी येतात, त्यांना पकडून म्हटलं, हात दाखवा. मास्तर म्हणाले, "मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हात तपासले, तू माझे तपासतोस?" आता मी काही घाबरट माणूस नाही, पण माफी मागितली. तीनदा.

मग मला सुचलं! डोकं चालवलं, तुम्हाला सांगतो! असं झाड आणायचं की ज्याचं पान मुळातच फाटलेलं! असतं, खरंच असतं, पानं ही एवढाली, निसर्गानेच फाडून, भोकं पाडून दिलेली. फाडा लेको, किती फाडता! कुणाला कळणार?

आठवड्यात कळलं. भोकं उरली, पान गेलं!

महिना भरला. सूनबाईंनी आत बोलावलं, मोबाइलवर बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. "काका, हे बघा." बघतो तर आत मशीन सुरू झालंय, घुर्रर्र... आणि बाहेर एक हात हळूच पानाकडे जातो, टर्र. घुर्रर्र... टर्र. मी ओरडलो, "हाच तो चोर! कोण आहे हा मेला?" सूनबाईंनी चित्र मोठं केलं. मग मला त्या हातातलं घड्याळ दिसलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. माझंच.

अहो, बावीस वर्षं ते मशीन ऐकतोय मी, बंद दाराबाहेर बसून! सवय होते म्हणतात... नाही होत! आतला माणूस "आ" करतो आणि इथे माझी दाढ ठणकते. खरं सांगतो, रडूच आलं. म्हटलं, बसवा यंत्र, मी निघतो.

"थांबा, पुढचं बघा," म्हणाल्या. चित्रात एक आजीबाई माझ्याकडे बघतायत. मी पान फाडतोय, आजी हसतायत. उठल्या, मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि ताठ मानेने आत गेल्या! मग एक दणकट ड्रायव्हर, तोही तसाच! सूनबाई म्हणाल्या, "काका, लोकांना झाडांनी धीर येत नाही, तुम्हाला बघून येतो. यांच्यापेक्षा तर आपण बरे, असं वाटतं त्यांना!"

तर टेबल गेलं. यंत्र आलंच. मला खिडकीपाशी खुर्ची दिलीय, चार फुटांवर भिंत, उजेड बेताचा. काम? काही नाही. सकाळी दहा ते सात, सगळ्यांना दिसेल असं बसायचं आणि भ्यायचं. नवे पेशंट विचारतात, "काका, तुमचा नंबर कितवा?"

मी म्हणतो, "माझा नंबर नाही हो... मी इथे शोभेला आहे."