खाजणाची उघाडी

जरा जवळ सरा मंडळी, एक छोटंसं आख्यान ऐकवते. दोन हजार तीन साली रत्नागिरीत मुलांच्या डॉक्टरांकडे आमच्या पद्मजावहिनी नातवाला घेऊन माळ ओढत बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या बाकावर, चार वर्षांच्या सावनीच्या आईबापांकडे.

"लघवी उलटी किडनीकडे चढते म्हणे! रोज औषध, नाहीतर ऑपरेशन. मी म्हणतो, नुसतं थांबूया. वाढेल तशी होईल बरी."

"डॉक्टर म्हणाले, औषध देत थांबा."

"रोज दिलं तर सवय लागेल पोरीला."

"तुमची तंबाखूची सवय कुठल्या डॉक्टरांनी लावली?"

"हळू बोल गो! आणि ऑपरेशनचा व्रण राहिला, तर लग्नात काय सांगायचं?"

"आधी किडनी राखा, मग जावई शोधा. खाडीकाठच्या खाजणाच्या बांधातल्या उघाडीची झडप कुजली नि खाडीचं पाणी उलटं शेतात शिरलं, तेव्हा थांबलात?"

"छे! पुढच्या भरतीआधी नवी फळी ठोकली. थांबलो असतो तर भात करपलं असतं ना!"

"हं."

"हं काय?"

"काही नाही. भात वाचलं हो आपलं."

"...औषध दुधातून चालेल का, विचारून घे."

तर मंडळी, सांजवात लावाल तेव्हा त्या सावनीसारख्या आजारी पोरांची तेवढी आठवण ठेवा.