मे महिन्यातला हीटर

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, जुनी ॲम्बेसेडर आहे ना, तिला हीटर आहे. हिंगोलीच्या उन्हात हीटर! त्याच्यातली पाणी फिरायची जाळी फुटली आणि इंजिनाचं कढत पाणी माझ्या पायावर गळायला लागलं. मेस्त्री म्हणाला, पाण्याचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर बंदच करून टाकू. आबा म्हणाले, "कंपनीनं दिलेली वस्तू काहून काढायची?" आणि नवी जाळी थेट दिल्लीहून मागवून बसवली.

पुढं मे महिन्यात आबा आणि मी जवळा बाजार गावी बारशाला निघालो. मांडीवर माझं सहा महिन्यांचं पोरगं. अर्ध्या वाटेत इंजिन तापलं, तसा आबांनी हीटर पूर्ण सुरू केला.

"आबा, हे काय करून राहिले?"

"हीटर लावला की इंजिनाची गरमी आत येते. इंजिन वाचतं."

गरमी आली, बराबर आमच्या तोंडावर. काचा उघड्या होत्या, तर बाहेरूनही झळाच. लेकरू लालबुंद झालं. मी ओल्या रुमालानं त्याला पुसत होते आणि आबा इंजिनाच्या काट्याकडं बघत होते.

"आबा, बंद करा. पोराला सोसंना."

"अगं, हे इंजिन गेलं तर दुसरं मिळत न्हाई."

"मग लेकरू मिळतंय का दुसरं?"

आबांनी गाडी बाजूला घेतली. काट्यावरची नजर काढून पोराकडं बघितलं. मला वाटलं, आजोबाचं काळीज हललं.

मग म्हणाले, "तुमी दोघं उतरा, सूनबाई. मागून एस्टी येईल. गाडीचं वजनबी कमी व्हईल."