उशिरा पोचलेला तह

न्यू ऑर्लिन्सची जुनी रणभूमी पाहून परतीच्या बोटीच्या रांगेत उभ्या असलेल्या नेत्राला पुढून मराठी ऐकू आलं, तेव्हा तिनं शहाण्यासारखा आपल्याला काही कळत नसल्याचा चेहरा केला. बाळ कडेवर घेतलेल्या मोनालीला तिचा नवरा अतुल इतिहास सांगत होता.

“म्हणजे अमेरिका-इंग्लंडचा तह आधीच झाला होता?”

“हो, तिकडे युरोपात. बातमी इथं पोचायच्या आत हे लढून मोकळे.”

“जिंकलं कोण?”

“अमेरिका. पण फुकटच, यार.”

“फुकट कसं? जिंकले ना?”

“मोना, चिडू नकोस. आई यंदा पुण्याहून येऊन कोणाचं बाळ सांभाळणार, ते दादाचं नि माझं गुरुवारीच ठरलं.”

“गुरुवारी? काल फ्रिस्कोच्या घरापासून इथपर्यंत गाडीत मी फॅमिली ग्रुपवर वहिनींशी भांडत आले.”

“माहितीय. मोठ्यानं वाचून दाखवत होतीस.”

“मग थांबवलं का नाहीस?”

“ड्राइव्ह करत होतो.”

“काय ठरवलंत?”

“आई सहाही महिने अर्विंगला, दादाकडे.”

“आज सकाळी वहिनींनी लिहिलंय, आईंना तुम्हीच न्या.”

“वहिनी हरल्या?”

“हो. तुलाच हरायची घाई झाली होती.”

“पण मी दादाला शब्द दिलाय.”

“मग पाळ. सोमवारपासून मी जॉबवर. बाळ तुझ्याकडे.”

रांग पुढे सरकली. अतुल बाळाला खांद्यावर घेऊन बाजूला झाला आणि त्यानं फोन लावला.

“दादा, गुरुवारी आपलं नक्की काय बोलणं झालं होतं रे? मला काही नीट आठवत नाहीये.”