दरवाजा हॉबगुडच्या तावडीत माझा गुडघा

...आणि वर बायको मलाच म्हणते, "लेन, तुला जीभ आवरता येत नव्हती?" अहो, कशी आवरणार? रेडिओवर बोलायला बोलावलं आणि माणूस जीभ आवरून बसला, तर लोकांना काय माझा श्वास ऐकवू? आता मला सांगा, मी काय खोटं बोललो?

तुम्हाला सांगतो, आमच्या टोलेडोत हिवाळा संपला हे बर्फ वितळल्यावर कळत नाही, लोक ड्राफ्टवरून भांडायला लागले की कळतं. ड्राफ्ट म्हणजे काय, तर दर एप्रिलात फुटबॉलच्या सगळ्या टीम देशभरातल्या कॉलेजांतली तगडी पोरं ओळीने उचलतात, आणि आदल्या वर्षी जी टीम जास्त हरली तिचा नंबर आधी. म्हणजे कायम आमचा! ताटातला पहिला घास आमचा आणि दर वेळी त्यातच खडा! टीमचं नाव ग्लासमेन. काचवाले. गाव काचेच्या कारखान्यांचं म्हणून ठेवलं नाव, पण अरे, काच म्हटली की ती फुटणार, हे नाव ठेवताना एकाच्याही डोक्यात आलं नाही?

तर रेडिओवर आमचा चिप डॉब्रिक. याचा आवाज असा, की बातमी टोस्ट करपल्याची असली तरी ऐकणाऱ्याला वाटावं युद्ध पेटलं. हा चिप दर वर्षी ड्राफ्टच्या आधी भांडण लावतो... टीमच्या इतिहासात सगळ्यात भारी बॅच कोणत्या सालची आणि सगळ्यात भिकार कोणती. आणि त्यात एक जनतेचा न्यायाधीश असतो. या वर्षी कोण? मी! लेन कचमारेक, जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त. चिप म्हणाला, "लेन, तुझ्याइतका त्रास या टीमनं कोणालाच दिला नसेल, तूच सांग." झालं! सुटलो मी.

भारी बॅच ब्याऐंशीची, यात वादच नाही. सिल्व्हेस्टर बून! चेंडू काखेत मारून तो माणूस धावायला लागला की रेल्वेनं फाटक पाडून घ्यावं. आमची एकुलती एक फायनल आम्ही जिंकली ती त्याच्या पायांवर, बर्फात, पाठीवर तीन माणसं लोंबकळत असताना रेघ ओलांडली त्यानं! मी तेव्हा रडलो होतो. लग्नात नव्हतो रडलो, हे बायको अजून ऐकवते.

आणि भिकार बॅच? अठ्ठ्याण्णव! डोळे मिटून अठ्ठ्याण्णव! अख्ख्या देशातून पहिली निवड आमची, आणि उचलला कोण? मर्विन हॉबगुड. जॉर्जियाचा पोरगा, एवढा मोठा की टीव्हीत मावेना. त्याला काम एकच. आपला चेंडू फेकणारा जो गडी, त्याच्यापर्यंत समोरच्याला पोहोचू द्यायचं नाही. भिंत व्हायचं, बस! आणि पहिल्याच मॅचमध्ये ही भिंत दारासारखी उघडली. समोरचा आला, "येऊ का?" म्हणाला, हा बाजूला झाला, आणि आमच्या फेकणाऱ्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून गावात त्याचं नाव पडलं, दरवाजा हॉबगुड. लोक स्टेडियमात खरीखुरी दारं घेऊन यायला लागले, बिजागऱ्यांसकट! वर्षभरात टीमनं हाकलला. मी रेडिओवर म्हणालो, "चिप, त्या बॅचमधल्या एकालाही मी माझ्या घरात पाऊल टाकू देणार नाही, आणि त्या दरवाजाला तर नाहीच, कारण तो आत आला की सगळेच आत येतील!" चिप खुर्चीवरून पडायचा बाकी होता. संध्याकाळी बारमध्ये माझा दोस्त एडी पाठीवर थापा मारून म्हणाला, "लेन, आज तू गावाच्या मनातलं बोललास." आता मला सांगा, मी काय खोटं बोललो?

आता यात गुडघा कुठून आला म्हणाल, तर फेब्रुवारीत माझा गुडघा बदलला. सीझन संपल्यावर बदलला, कारण मध्ये बदलला असता तर मॅच कोणी बघायच्या? डॉक्टर म्हणाले, गुडघा आम्ही घातला, पण वाकवायचा व्यायामानं, नाहीतर तुमचा पाय म्हणजे खुंटा. दवाखान्यात एका पोरीकडे जायचो मी व्यायामाला, छान हळुवार पोरगी. रेडिओनंतरच्या सोमवारी गेलो, तर ती बाळंतपणाच्या रजेवर. म्हटलं, मग माझा पाय कोण बघणार? आणि दार उघडलं... म्हणजे उघडलं नाही हो, भरलं! एक माणूस आडवा होऊन आत आला. डोक्यावरचे केस पिकलेले, हात माझ्या मांडीएवढे. पांढऱ्या कोटावर नाव... एम. हॉबगुड.



"मिस्टर कचमारेक?" म्हणतो. आवाज एकदम मऊ, चर्चमधल्यासारखा.

मी म्हटलं, "हो... पण या गावात लेन कचमारेक पुष्कळ आहेत हं."

"असतील," म्हणतो, "पण आवाज एकाचाच तसा आहे. मी गाडीत रेडिओ ऐकतो." आणि माझा पाय त्यानं हातात घेतला. अहो, नवा गुडघा! धातूचा! तो त्याच्या तळहातात अंड्यासारखा दिसत होता. "आता वाकवूया थोडा. दुखलं तर सांगा."

"दुखतंय!"

"अजून मी वाकवला नाही, मिस्टर कचमारेक."

मग वाकवला! आई गं! डोळ्यांपुढे ब्याऐंशीची फायनल तरळली, पाठीवर तीन माणसं माझ्याच! आणि हा शांतपणे विचारतोय, "ते दाराचं काय म्हणालात तुम्ही? सगळेच आत येतील? बरं होतं ते. माझी बायको हसली." मी म्हटलं, "विनोद हो, विनोद!" तो म्हणाला, "मला कळला," आणि अजून वाकवला.

घरी येऊन बायकोला म्हटलं, रीटा, तो मला मारणार. दुसरीकडे जातो. ती म्हणाली, "आज तुझा पाय पहिल्यांदा जिन्याच्या पायरीवर चढला. त्याच्याकडेच जायचं. आणि तोंड मिटून." काय करता? गेलो. दर वेळी गेलो. आणि खोटं कशाला बोलू, माणूस हात राखून काही करत नव्हता. बदला घ्यायचा असता तर पाय तसाच सोडला असता की! हा घाम गाळायचा. मी शिव्या घालायचो, हा म्हणायचा, "स्टेडियमात याहून वाईट ऐकल्यात. पुन्हा."

एक दिवस धीर करून विचारलं, "मर्विन, त्या पहिल्या मॅचमध्ये झालं काय होतं रे?" तर म्हणतो, "काही नाही. समोरचा माझ्याहून चांगला होता." बस! एवढंच! आम्ही सगळं गाव इतकी वर्षं त्यावर परिषदा भरवतोय, बारमध्ये मीठदाणी-मिरीदाणी मांडून दाखवतोय, आणि उत्तर काय, तर समोरचा चांगला होता!

आणि मग तो बुधवार. मी टेबलावर पडलोय, तर शेजारच्या टेबलाकडे एक बाई नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. मर्विननं त्याला दोन्ही हातांवर उचललं, लेकराला उचलावं तसं. मी बघितलं... सिल्व्हेस्टर बून! अहो, सिल्व्हेस्टर बून! माझ्यापासून हातभर! मी गुडघाबिडघा विसरून उठून बसलो. म्हटलं, "साहेब, ती फायनल! तो बर्फ! मी रडलो होतो साहेब!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. छान हसला. "कुठली फायनल?" म्हणाला.

मला वाटलं मस्करी करतोय. मी पण हसलो. मग त्यानं मला नाव विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, कचमारेक, पोलिश का, पिएरोगी, त्या उकडलेल्या करंज्या, मस्त करत असतील घरी. मी म्हटलं, हो. जरा वेळानं त्यानं पुन्हा नाव विचारलं. पुन्हा पोलिश, पुन्हा पिएरोगी. आणि पुन्हा. त्याची बायको, मिसेस बून, अगदी हळू म्हणाली, "सांगत राहा. त्याला दर वेळी आनंद होतो." मग म्हणाली, "ह्यांच्या बॅचमधले आणखी दोघं असेच झालेत. डोक्याला मार बसून बसून. एक तर गेला. हे गुडघे तर दोनदा बदलले. रस्त्यात लोक भेटतात, मिठ्या मारतात, आमच्यासाठी केवढं केलंत म्हणतात. हा मला विचारतो, डार्लिंग, मी काय केलं होतं?"

मी आडवा झालो. 

ती दोघं गेल्यावर मर्विनला विचारलं, "आणि तुमची बॅच? अठ्ठ्याण्णव?"

म्हणतो, "आम्हाला लवकर हाकललं ना! मी घरी जाऊन आईच्या स्वयंपाकघरात रडत बसलो. तिनं दोन दिवस रडू दिलं, मग म्हणाली, कॉलेजात परत जा. गेलो, हे व्यायामाचं काम शिकलो, आणि नोकरी मिळाली ती नेमकी याच गावात. एकानं बेकरी टाकली. एक शाळेत गणित शिकवतो. दर वसंतात सगळे इथे येतात. आम्ही इथल्या मॉमी नदीत छातीपर्यंत थंड पाण्यात उभे राहून वॉलाय मासे धरतो. दिवसभर. सगळ्यांचे पाय शाबूत, मिस्टर कचमारेक." आणि माझा पाय उचलून म्हणाला, "वाकवा."

आता मला सांगा... नाही, राहू दे. काही सांगू नका.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी चिपनं फोन लावला. अंतिम निकाल! सगळं गाव ऐकतंय! मी म्हटलं, "चिप, निकाल बदलला. सगळ्यात भारी बॅच अठ्ठ्याण्णव."   चिप म्हणाला, "लेन, ऑपरेशनची गुंगी अजून उतरली नाही का?" मी म्हटलं, "अरे, ते चालतात! मासे धरतात! पोरांची नावं आठवतात त्यांना! आणि ब्याऐंशीच्या बॅचच्या जिवावर आपण जिंकलो, मिरवलो, आणि..." तर मध्येच एक फोन, "या म्हाताऱ्याला काढा!" दुसरा, "फेकणाऱ्याचं हाड विसरलास का?" तिसरी बाई म्हणाली, "मला बूनसाहेबांबद्दल फार वाईट वाटतं, पण फायनल ती फायनल." आणि चौथा कोण? एडी! माझा एडी! म्हणे, "चिप, याच्याशी माझी ओळख नाही." डझनावारी पिएरोगी खाल्ल्या आहेत यानं माझ्या बायकोच्या हातच्या, आणि ओळख नाही!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्राफ्ट बघायला बारमध्ये गेलो, तर माझ्या टेबलाशी कोणी बसेना. मग दारात अंधार झाला. मर्विन! आडवा होऊन आत आला आणि माझ्यासमोर बसला. खुर्ची ओरडली.  तो म्हणाला, "काल ऐकलं. माझ्या बायकोनं तुम्हाला पीचचा केक पाठवलाय."  मी म्हटलं, "मर्विन, आज काहीही होवो, कोणीही पोरगा निवडो, मी ब्र काढणार नाही. कोणाचं तरी लेकरू असतं ते."

"बरोबर आहे," म्हणाला.

टीव्हीवर नाव पुकारलं. आमची निवड... आयोवाचा एक थोराड पोरगा, तोही भिंतच व्हायला आलेला. उठला, आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. मी डोळे पुसले. आणि तेवढ्यात टेबल हादरलं! मर्विन उभा! दोन्ही हात वर! "याला? अरे याला? पाय बघा त्याचे, पाय! झोपेत चालल्यासारखा हलतो तो! कोण बसलंय तिथे निवडायला?"

मी त्याची बाही ओढली. "मर्विन! अरे, लेकरू आहे ते! तू तरी असं बोलू नयेस!"

तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल. म्हणतो, "मिस्टर कचमारेक, मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? या टीमला माणूस निवडता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

 पाय लांब केला, ग्लास उचलला, आणि त्याच्या शेजारी उभा राहून मीही बोंबलायला लागलो.