रेघ ऱ्हायली का?

आमी सांगलीचेच. आजा मिरजेकडनं आला म्हणत्यात, पर अब्बाचा जलम हितला, माझा बी हितलाच, कृष्णंच्या अंगाला. आमाला झारेकरी म्हणत्यात, तुमाला ठावं नसंल ताई, आता लय कमी घरं ऱ्हायल्यात. सराफ कट्ट्यावर सोनार दागिना घासतो, कापतो, त्याची कणी खाली पडती, केरात जाती, गटारात जाती, तो केर आमी इकत घ्यायचा, जाळायचा, कुटायचा आन् नदीवर नेऊन पाटीत धुवायचा. पाटी गोल फिरवली की हलकं वाहून जातंय, जड तळाला बसतंय. लोकं नाक मुरडायची. मुरडंनात का, माती धुऊन खाल्लं, कुणाचं चोरून न्हाई खाल्लं.

अब्बाला पोरगा न्हाई, मी एकलीच, आई लवकर गेली, म्हणून पाटी माझ्या हातात आली. भावकी बोलायची, पोरीला गटारात उतरवतोस व्हय रं. अब्बा म्हणायचे, गटारात उतरंल, पर कुणाच्या दारात हात पसरायला जायाची न्हाई. त्येंनीच शिकवलं. तळाला पिवळं ऱ्हायलं म्हणून ते सोनं नसतंय. हातोडी मार, खडा असंल तर चुरा हुईल, धातू असंल तर पसरंल. पर पितळ बी पसरतंय, सोनं बी पसरतंय, हातोडी फितूर असती म्हणायचे. शेवटाला कसोटी, काळा गुळगुळीत दगड असतोय बघा, त्याच्यावर कणी घासून रेघ ओढायची आन् वर तेजाबाचा थेंब सोडायचा. पितळ असंल तर रेघ फसफसून जाती, सोनं असंल तर ऱ्हाती. आन् जे दिसलं तेच सांगायचं, गिऱ्हाईक किती बी आशेनं बघत असू दे.

असं कणीकणीनं साठवून त्येंनी माझ्या लग्नात बाळ्या घातल्या. आता माझं कान मोकळं दिसत्यात, का ते सांगते.

माझी पोरगी शबाना, तिची सोयरिक आटपाडीला ठरली. सुपारीला पाव्हणे आले तवा अब्बा समद्यांम्होरं बोलून बसले, नातीच्या कानात माझ्या हातचंच सोनं असंल. मी डोळ्यानं खुणवत हुते, अब्बा गप बसा, पर बोलून गेले. आता सराफांच्या दुकानात चकचकीत फरशी, केर ते मोठ्या रिफायनरीवाल्याला देत्यात, आमाला मूठभर मिळायची मारामार. आमचे मालक रिक्षा चालवत्यात, ते म्हणाले, पातळ का असंनात, मी बाजारातनं बाळ्या आणतो. अब्बा ऐकतील तर खरं.

मग अब्बांनी कुपवाडची वाट धरली. सकाळी सिटी बसमधी बसायचं, कारखान्यांच्या मागं वढा हाय तिथं जायाचं आन् वाळू धुवायची. म्हणायचे, कर्नाटकात सोन्याच्या खाणी हायत, मग आपल्या वढ्याला का नसावं. सांजच्याला यायचे, फडक्यात बांधल्यालं माझ्या हातात द्यायचे न्हाईत, म्हणायचे, भरू दे आधी. पुडी तळव्यावर तोलत बसायचे, आन् तोंडावर असं हसू असायचं की मी बी इचारायची सोडून दिली.

लग्न जवळ आलं तवा एका दुपारी पुडी माझ्या म्होरं ठेवली. घे, आता हे आटव आन् बाळ्या करायला टाक. मी पुडी सोडली. फडक्याला आतनं हिरवा डाग. सोनं कवा फडक्याला डाग देत न्हाई. उचलली तर जड हुती, पर सोन्याइतकी न्हाई. तळव्याला वजन कळतंय खरं, पर ताई, हौसंचं वजन बी त्यातच पडतंय. कारखान्यातल्या लेथचा पितळी कीस पावसात वढ्याला येत असणार. तरी मी हातोडी मारली. कणी पसरली, आन् मला वेड्यावानी आशा वाटली.

अब्बा, कसोटीवर बघते म्हणलं. बघ की म्हणाले. रेघ ओढली, लय छान पिवळी आली. थेंब सोडला, फसफसली, हिरवी झाली, गेली. मी दगड त्येंच्या म्होरं धरला. ते दगडाच्या बाजूला, भिंतीकडं बघत म्हणाले, ऱ्हायली का?

तवा मला कळलं, अब्बांना रेघ दिसतच न्हाई. डोळं अधू झाल्यालं म्हाताऱ्यानं आमच्यापास्नं लपवलं हुतं, वढ्यावर नुस्त्या हातानं निवडत हुते.

ऱ्हायली म्हणलं असतं तर खुशीत ऱ्हायले असते. मालकांनी बाजारातनं बाळ्या आणल्या असत्या, त्या अब्बांच्याच म्हणून खपल्या असत्या. मनात आलं माझ्या, का येऊ नये? पर हातात त्येंचाच दगड हुता.

गेली अब्बा, म्हणलं.

तेजाब बिघडलं असंल, सोनं बी खाईल, म्हणाले. मी कानातली बाळी काढली, शेजारी रेघ ओढली, त्याच तेजाबाचा थेंब सोडला. ही ऱ्हायली म्हणलं. कशाची हाय ती, अब्बांनी इचारलं. तुमी मला दिल्याल्या बाळीची.

अब्बांनी हात म्होरं केला. बोटानं दगडाची कड चाचपली आन् म्हणाले, मग पितळ हाय ते. मला रडू आलं, त्येंना न्हाई.

डॉक्टर म्हणाले काचबिंदू हाय, गेली नजर परत येत न्हाई. माझ्या बाळ्या मी शबानाच्या कानात घातल्या. अब्बांच्या हातचंच सोनं की ते, शब्द काय खाली पडला न्हाई. पितळंचं काय करायचं तर वळखीच्या वताऱ्यानं आपल्याकडचं पितळ भर घालून बारका खलबत्ता वतून दिला. अब्बांना दात न्हाईत, पान त्यातच कुटून खात्यात. कोण आलं की हातात देऊन हसत सांगत्यात, बघा, माझ्या वढ्यातलं सोनं.

आता मूठभर केर मिळंल तो मी धुते, अब्बा शेजारी बसत्यात. दर कणीला इचारत्यात, ऱ्हायली का? ऱ्हायली तर ऱ्हायली म्हणते, गेली तर गेली. मान हलवत्यात, त्याच कणीचं परत कवा इचारत न्हाईत. अल्लानं त्येंचं डोळं नेलं, पर भरवसा ठेवला, तेवढं पुरं हाय आमाला. तुमचं बी भलं हू दे ताई, च्या निवला बघा.